पोहणाऱ्याच्या पायांतील रबरी पर

विजेवरील प्रयोगांमुळे विख्यात झालेला बेंजामिन फ्रँक्लिन बालपणी बोस्टन येथे उत्तम पोहत असे. अधिक वेगाने पोहता यावे म्हणून त्याने सुमारे दहा इंच लांब व सहा इंच रुंद अशा दोन लंबगोल फळ्या तयार केल्या आणि अंगठ्यासाठी भोक पाडून त्या तळहातांवर बसविल्या. वेग वाढला, परंतु मनगटे लवकर थकू लागली. मग त्याने तळपायांना एक प्रकारच्या वहाणा बांधून पाहिल्या. त्याही मनासारख्या ठरल्या नाहीत. पाण्याला रेटा देण्याचे काम काही अंशी घोटे व पायांच्या आतल्या बाजू करतात, हे त्याच्या ध्यानी आले. निरीक्षण मार्मिक होते. तथापि वाकून पुन्हा सरळ होणारे रबर उपलब्ध होईपर्यंत ही कल्पना व्यवहारात यावयाची नव्हती. फ्रेंच नौदलातील अधिकारी लुई द कोर्लियू याने १९३३ साली रबरी परांचे एकस्व घेतले; ओवेन चर्चिल या अमेरिकनाने १९४० च्या सुमारास ते अमेरिकेत बनविण्यास आरंभ केला आणि दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्या सैनिकांनी त्यांचा उपयोग केला. आज तलावावर त्यांना ‘फिन्स’ असेच म्हणतात.

पायांत पर घातल्याने बळ वाढत नाही, मग वेग कसा वाढतो? पोहणारा पाण्याला मागे लोटतो, म्हणून स्वतः पुढे जातो. मिळणारा रेटा हा लोटलेल्या पाण्याचे वस्तुमान आणि त्यास दिलेला वेग यांच्या गुणाकारावर अवलंबून असतो; खर्च होणारी ऊर्जा मात्र वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून दुप्पट पाणी निम्म्या वेगाने लोटले तर रेटा तेवढाच मिळतो आणि पाण्यात वाया जाणारी ऊर्जा निम्मी होते. उघड्या पावलाला थोडेसे पाणी झपाट्याने फेकावे लागते; रुंद पर पुष्कळ पाणी संथपणे सरकवितो. बदकाच्या पडदेदार पायाचे रहस्य हेच होय. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, केवळ पाय मारून समान वेगाने पोहताना परांमुळे ऊर्जेचा खर्च सुमारे ४० टक्क्यांनी घटल्याचे आढळले. पाय मारण्याची गतीही सेकंदाला सुमारे १.६ वेळांवरून एकावर आली.

शिक्षणाच्या दृष्टीने याहून मोलाची गोष्ट निराळी आहे. नवशिका गुडघ्यातून पाय दुमडून सायकल चालविल्यासारखी हालचाल करतो. त्याचे पाय खाली बुडतात आणि शरीर आडवे न राहता तिरके झाल्याने पाण्याचा विरोध वाढतो. पर घातल्यावर अशी लाथ निष्फळ ठरते हे त्यास तत्काळ जाणवते. कमरेपासून हलणारा, किंचित सैल पायच त्यांना मानवतो. शिवाय पाय वर येतानाही पाण्याचा दाब लागत असल्याने मांडीच्या मागील स्नायूंना काम मिळते. धावपटूंचे घोटे बहुधा ताठ असतात; पाण्याच्या दाबाने चवडा मागे ताणला जाऊन त्यांना हळूहळू लवचीकपणा येतो. पाय पृष्ठभागाजवळ टिकल्यामुळे हातांच्या फेऱ्याकडे व श्वासाकडे लक्ष देण्यास उसंत मिळते, हा लाभ वेगळाच.

धोका आहे तो उसन्या वेगाचा. ज्यास परांवाचून तलावाची एक लांबीही धडपणे कापता येत नाही, त्याने ते घालून खोल पाण्यात अथवा समुद्रात जाणे सर्वथा अनिष्ट होय. एक पर निसटला, वा पोटरीत गोळा आला, की उसने बळ सरते आणि काठ मात्र दूरच राहतो. म्हणून आरंभी दोन-चार लांब्यांहून अधिक पोहू नये आणि प्रत्येक वेळी काही अंतर उघड्या पायांनी पोहावेच. गुडघा अथवा घोटा दुखू लागल्यास पर लगेच काढावेत. स्पर्धात्मक जलतरणाच्या नियमांत अशा साधनांस मज्जाव आहे. १९५८ साली मिहिर सेन आणि १९५९ साली आरती साहा यांनी इंग्लिश खाडी ओलांडली तीही परांवाचून. केवळ परांनी पोहण्याचा क्रीडाप्रकार स्वतंत्र आहे.

सरावासाठी आखूड व मऊ पात्याचे पर घ्यावेत. लांब पाती पाणबुड्यांसाठी ठीक. त्यांनी पाय संथ पडतो व स्वाभाविक लय बिघडते. पर पायाला घट्ट बसावा, पण बोटे आखडू नयेत. टाच सोलवटत असेल तर पातळ मोजा घालावा. वापरानंतर गोड्या पाण्याने धुऊन ते सावलीत सपाट ठेवून वाळवावेत. भिंतीला टेकवून उभे ठेवले तर पाते वाकते, आणि उन्हात राहिलेल्या रबराला लवकरच भेगा पडतात.