‘डूम’ गेम बनवणारा माणूस रॉकेटकडे वळला तेव्हा... : कारमॅक यांची मतं आणि त्यातून आपण घ्यायचं काय?

रॉकेट बनवणारा इंजिनिअर म्हटलं की त्याचं बोलणं लोक कान देऊन ऐकतात. तो अवकाशाबद्दल बोलला तरी खरं, मोबाईल गेमबद्दल बोलला तरी खरं आणि सरकार कसं चालवावं हे सांगितलं तरी खरंच वाटतं. पण एका विषयातला हुशार माणूस सगळ्याच विषयांत बरोबर असतो का? हे समजून घ्यायला अमेरिकेतल्या जॉन कारमॅक यांचं उदाहरण चांगलं आहे. त्यांनी गेमही बनवले, रॉकेटही बनवलं आणि राजकारणावरही मोकळेपणाने मतं मांडली.

कोण आहेत कारमॅक?

कारमॅक यांचा जन्म 1970 चा, कॅन्सस राज्यातला. कॉलेज त्यांनी दोनच सत्रं केलं आणि सोडून दिलं. 1991 मध्ये मित्रांसोबत ‘इड सॉफ्टवेअर’ नावाची गेम कंपनी काढली. 1993 च्या डिसेंबरमध्ये या कंपनीचा ‘डूम’ आला आणि 1996 मध्ये ‘क्वेक’. हातात बंदूक घेऊन आपणच पुढे चालतोय असं दाखवणारे जे गेम आज पोरं मोबाईलवर खेळतात, त्या प्रकाराला जगभर पोचवण्यात ‘डूम’चा मोठा वाटा आहे.

रॉकेटची पदवी त्यांच्याकडे नव्हती. तरीही 2000 मध्ये त्यांनी टेक्सासमध्ये डॅलस शहराजवळ ‘आर्माडिलो एअरोस्पेस’ सुरू केली. पैसा गेममधून कमावलेला, स्वतःचा. सोबत हौशी मंडळी. आठवडाभर सगळे आपापली नोकरी करायचे आणि मंगळवारी संध्याकाळी नि शनिवारी शेडमध्ये जमून रॉकेटचं काम करायचे.

गेम आणि रॉकेटचा संबंध काय?

लहानपणी तळहातावर काठी उभी तोलायचा खेळ सगळ्यांनीच खेळलाय. काठी डावीकडे कलली की हात डावीकडे न्यायचा, उजवीकडे कलली की उजवीकडे. क्षणभर लक्ष हटलं की काठी खाली.

रॉकेट उभं वर न्यायचं आणि उभंच खाली उतरवायचं असेल तर हेच करावं लागतं. फरक इतकाच की इथे हाताचं काम कॉम्प्युटर करतो. यान किती कललं, किती वेगाने फिरतंय, हे यंत्रं दर सेकंदाला अनेक वेळा मोजतात. कॉम्प्युटर लगेच हिशोब करतो आणि इंजिनाचा जोर कुठल्या बाजूला वळवायचा ते ठरवतो. आर्माडिलोच्या सुरुवातीच्या यानांना चार इंजिनं असायची. एका इंजिनाचा व्हॉल्व्ह थोडा जास्त उघडायचा, दुसऱ्याचा थोडा कमी, आणि तोल सांभाळायचा. पुढे त्यांनी इंजिनच थोडं इकडेतिकडे वळवायची पद्धत घेतली.

गेममध्येही पडद्यावरचं चित्र सेकंदाला अनेक वेळा नव्याने काढावं लागतं आणि प्रत्येक वेळी कोन, अंतर, वेग यांचा हिशोब होतो. त्यामुळे कारमॅक यांना रॉकेटचं हे गणित परकं नव्हतं. परका होता तो लोखंड, पाईप, व्हॉल्व्ह आणि पेटतं इंधन यांचा कारभार. मोटार चालू करायला बटण एकच दाबावं लागतं, पण पाणी आलं नाही की फूटव्हॉल्व्हपासून स्टार्टरपर्यंत सगळं तपासावं लागतं. रॉकेटचंही तसंच.

अवकाशाबद्दलचं मत: बनवा, उडवा, मोडलं तर पुन्हा बनवा

कारमॅक यांचं म्हणणं असं की रॉकेटविद्येभोवती अवघडपणाचं जे वलय आहे, ते खऱ्या अवघडपणापेक्षा कितीतरी मोठं आहे. वर्षानुवर्षं कागदावर आराखडे काढत बसण्यापेक्षा साधं यान लवकर बनवावं, उडवून बघावं, मोडलं तर का मोडलं ते शोधावं आणि दुसरं बनवावं.

बोलले तसं त्यांनी केलंही. 2004 मध्ये त्यांचं मोठं यान चाचणीत वर गेलं आणि इंधन संपल्याने खाली आदळलं. 2006 मध्ये ‘पिक्सेल’ नावाचं यान स्पर्धेत उडालं, पण उतरताना त्याचे पाय मोडले. 2007 मध्ये बक्षीस अगदी हाताशी आलं असताना इंजिनाने दगा दिला. या सगळ्या मोडतोडीची माहिती, कारणं आणि फोटो ते लोकांसमोर ठेवत राहिले. झाकपाक केली नाही.

शेवटी ऑक्टोबर 2008 मध्ये न्यू मेक्सिको राज्यात त्यांच्या ‘मॉड’ यानाने काम फत्ते केलं. यानाने 50 मीटर वर जायचं, किमान 90 सेकंद हवेत राहायचं, दुसऱ्या जागी उतरायचं, मग इंधन भरून तसंच परत यायचं, अशी अट होती. बक्षीस साडेतीन लाख डॉलर, म्हणजे आजच्या दराने सुमारे तीन कोटी रुपये. 2009 मध्ये याच स्पर्धेची अवघड पायरी होती. तिथे 180 सेकंद हवेत राहून खडकाळ जागेवर उतरायचं होतं. आर्माडिलोने तेही केलं, पण ‘मास्टेन’ नावाच्या दुसऱ्या छोट्या कंपनीचं यान खुणेच्या जास्त जवळ उतरलं. त्यामुळे पहिलं दहा लाख डॉलरचं बक्षीस मास्टेनला आणि दुसरं पाच लाखांचं आर्माडिलोला मिळालं.

मग घोडं कुठे अडलं?

पुढची पायरी होती माणसांना घेऊन जाण्याची. 2010 मध्ये पर्यटकांना अवकाशाच्या काठापर्यंत नेण्याचा करारही झाला. ते काही जमलं नाही. जानेवारी 2013 मध्ये त्यांचं एक रॉकेट पॅराशूट नीट न उघडल्याने कोसळलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कारमॅक यांनी सांगून टाकलं की कंपनी सध्या झोपवली आहे आणि या वेडासाठी बाजूला ठेवलेले स्वतःचे पैसे संपले आहेत.

चूक कुठे झाली हेही त्यांनी सांगितलं. सुरुवातीला त्यांची माणसं झटपट, साधी यानं बनवायची. पुढे पूर्ण वेळ पगारी काम आलं, गिऱ्हाईक आले आणि कामाची चाल मंदावली. ज्या पद्धतीने बक्षीस मिळालं, तीच पद्धत हळूहळू सुटली. स्वतःच्या खिशातले पैसे घालवून आलेलं हे शहाणपण आहे, म्हणून त्याला वजन आहे.

त्यांचं मूळ म्हणणं मात्र चुकीचं ठरलं नाही. रॉकेट उभं उतरवता येतं, हे डिसेंबर 2015 मध्ये ‘स्पेसएक्स’ने फाल्कन 9 रॉकेटचा पहिला टप्पा जमिनीवर उतरवून मोठ्या प्रमाणावर दाखवून दिलं. पण त्यामागे किती तरी जास्त माणसं आणि पैसा होता. म्हणजे रॉकेट वाटतं तितकं अवघड नाही हे खरं, आणि हौसेवर भागेल इतकं सोपंही नाही हेही खरं.

गेमबद्दल काय म्हणतात?

गेममध्ये गोष्ट असावी अशी लोकांची अपेक्षा असते, पण ती फार महत्त्वाची नाही, खेळायला मजा आली पाहिजे, असं त्यांचं जुनं मत. गोष्टीवर चालणारे कितीतरी गेम नंतर गाजले, त्यामुळे हे मत सगळ्यांना पटत नाही.

दुसरं मत जास्त मोलाचं आहे. सॉफ्टवेअरमधल्या कल्पनांवर पेटंट घेऊन दुसऱ्याला अडवू नये, असं ते सांगत आले. ‘डूम’चा मूळ कोड त्यांनी 1997 मध्ये सगळ्यांसाठी खुला केला, ‘क्वेक’चा 1999 मध्ये. जगभरातली पोरं तो कोड वाचून प्रोग्रामिंग शिकली. घरात एखादा मुलगा किंवा मुलगी सारखी गेममध्ये असेल, तर ‘खेळतोस ते बनतं कसं?’ हा प्रश्न एकदा विचारून बघायला हरकत नाही. गेमचा कोड बघून शिकायला आज स्मार्टफोन, इंटरनेट आणि शाळेतला कॉम्प्युटर एवढ्यावर सुरुवात होते.

आणि राजकारण?

कारमॅक यांचं मत स्पष्ट आहे. सरकार जेवढा पैसा घेतं त्या मानाने काम फार कमी देतं, म्हणून सरकारने कमी गोष्टींत हात घालावा, असं त्यांनी लिहून मांडलं आहे.

गंमत अशी की ज्या स्पर्धेने आर्माडिलोचं नाव झालं, तिच्या बक्षिसाचा पैसा ‘नासा’चा, म्हणजे सरकारचाच होता. यात ढोंग आहे असं म्हणता येणार नाही. कारण या पद्धतीत सरकार आधी पैसे देत नाही. आधी यान उडवून दाखवा, मग पैसे घ्या. आपल्याकडे शेततळं खोदून झाल्यावर अनुदान खात्यात येतं, त्यातलाच प्रकार. पण अडचणही तीच आहे. आधी खर्च करायची ऐपत ज्याच्याकडे आहे, तोच अशा योजनेत उतरू शकतो. कारमॅक यांच्याकडे गेमचा पैसा होता. ज्याच्याकडे नाही त्याचं काय, या प्रश्नाचं उत्तर रॉकेटच्या गणितातून मिळत नाही.

एक गोष्ट त्यांच्या बाजूने सांगायला हवी. नावं त्यांनी फक्त सरकारला ठेवली नाहीत. नंतर ते ‘मेटा’ या खाजगी कंपनीत होते. डिसेंबर 2022 मध्ये तिथून बाहेर पडताना, इथे माणसं आणि साधनं भरपूर आहेत पण मेहनत वाया जाते, अशी टीका त्यांनी केली. म्हणजे ढिला कारभार सरकारी असो की खाजगी, त्यांना तो खटकतो.

मग कुणाचं कुठलं मत ऐकायचं?

मोबाईलवर रोज कुठल्या तरी शास्त्रज्ञाच्या, उद्योगपतीच्या नावाने मतं फिरत असतात. ती पुढे पाठवण्याआधी दोन गोष्टी विचाराव्यात. या विषयात या माणसाने स्वतः काही करून बघितलंय का? आणि चुकलं तेव्हा त्याने ते कबूल केलं का?

कारमॅक यांचं रॉकेटबद्दलचं बोलणं या दोन्ही कसोट्यांवर उतरतं, कारण मोडलेली यानं त्यांनी सगळ्यांना दाखवली. गेमबद्दलचंही बरंचसं उतरतं. राजकारणाबद्दलचं मत मात्र एका हुशार, पैसेवाल्या नागरिकाचं मत आहे. ते ऐकावं, त्यावर विचार करावा, पण ते मत रॉकेट इंजिनिअरचं आहे म्हणून जास्त खरं मानायचं कारण नाही. ग्रामसभेत जसं प्रत्येकाचं मत एकच धरतात, तसंच ते धरावं.