पक्षी पडल्यानंतरचा कुत्रा

पक्ष्यांच्या शिकारीला कोणत्या जातीचा कुत्रा चांगला, असं मिनेसोटातल्या शिकाऱ्याला विचारलं तर तो आधी उलट विचारतो, ‘पक्षी कोणता?’ राज्याच्या उत्तरेला ॲस्पेनच्या कोवळ्या, दाट झाडीत रफ्ड ग्राउस असतो. कुत्रा जवळ आला की तो पुष्कळदा जागेवरच दबून बसतो. तिथे सेटर किंवा ब्रिटनी हवा, म्हणजे वास लागताच एक पाय उचलून थिजणारा कुत्रा. झाडीत तो दिसत नाही म्हणून त्याच्या गळ्यात घंटा बांधतात. घंटा वाजतेय तोवर कुत्रा शोधतोय, आणि ती थांबली की माणसाने बंदूक सावरून तिकडे निघायचं. खाली जॉर्जियात बॉबव्हाइट जातीच्या लाव्यांचे थवे असतात. तिथे रान मोकळं, माणसं घोड्यावर, आणि इंग्लिश पॉइंटर शेकडो मीटर पुढे. बदकांसाठी बर्फगार पाण्यात उतरायचं असेल तर लॅब्राडोर किंवा चेसापीक. एकूण, पक्षी आणि जमीन ठरली की जात निम्मी ठरते.

साउथ डकोटातला फेझंट मात्र या हिशोबात नीट बसत नाही. शेजाऱ्याबरोबर दर हंगामात तिकडची शेतं तुडवते, तेव्हा फेझंटला कुत्रा कोणता यावरून झालेले वाद मी भरपूर ऐकले आहेत. मी बंदूक हातात घेत नाही. नारिंगी जाकीट घालून, काठी घेऊन हाकाऱ्यांच्या रांगेत चालते आणि कुत्री बघते.

फेझंट मूळचा आशियातला, चीनकडचा. १९०८-०९च्या सुमारास रेडफील्डजवळ त्याला सोडलं, तो तिथे रुजला, १९१९ साली शिकारीचा पहिला हंगाम झाला आणि १९४३मध्ये तो चक्क राज्यपक्षी झाला. शिकार फक्त नराची, माणशी दिवसाला तीन. ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवारी हंगाम उघडतो आणि सकाळी दहाच्या आधी गोळी झाडता येत नाही. म्हणून साडेनऊलाच बांधावर पिकअप गाड्या लागतात, माणसं कॉफी पीत उगाच घड्याळ बघतात आणि मागच्या पिंजऱ्यांत कुत्री रडून उच्छाद मांडतात.

नर, म्हणजे शिकाऱ्यांच्या भाषेत कोंबडा, दिसतो झोकात. गळ्यात पांढरं कडं, तांबूस सोनेरी अंग, लांब शेपटी. स्वभावाने मात्र पळपुटा. उडणं हा त्याचा शेवटचा उपाय. त्याआधी तो मान खाली घालून गवताच्या बुंध्यांतून असा सटकतो, की दहा माणसं रांगेने चालत असली तरी कुणाला दिसत नाही. त्याच्या लपण्याच्या जागाही तशाच. ओढ्याकाठचं पाणकणीस, उंच स्विचग्रास, आणि ज्वारी. हो, ज्वारी. तिकडे तिला मायलो म्हणतात. माझं माहेर बार्शीकडचं, त्यामुळे पहिल्यांदा त्या पट्ट्यात शिरले तेव्हा हात आपोआप कणसाकडे गेला. पण ही ज्वारी कमरेएवढी बुटकी, तांबड्या दाण्याची, आणि कित्येक शेतकरी ती कापतच नाहीत. हिवाळ्यात फेझंटला दाणा आणि आडोसा मिळावा म्हणून बर्फात तशीच उभी ठेवतात. भाकरीच्या माणसाला ते बघवत नाही.

अशा पट्ट्याच्या एका टोकाला दोघे-तिघे बंदूकवाले आधीच जाऊन उभे राहतात. बाकीचे दुसऱ्या टोकाकडून वाऱ्याच्या तोंडाला चालत येतात. कुत्री आमच्या पुढे. इथे कुत्र्याची पहिली परीक्षा वेगाची नाही, अंतराची असते. छर्ऱ्याच्या बंदुकीचा भरवशाचा पल्ला पस्तीस-चाळीस मीटर. कुत्र्याने साठ मीटरवर पक्षी उठवला तर त्याने मालकासाठी काहीच केलं नाही, उलट शेत रिकामं केलं. स्प्रिंगर स्पॅनियल यात फार वाकबगार. मालकापुढे वीस-पंचवीस मीटरांत तो डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे नागमोडी पळत राहतो आणि वास लागला की थांबत नाही, थेट अंगावर जाऊन पक्ष्याला उडायला लावतो. शेजाऱ्याची काळी लॅब्राडोर सेडी हेच काम करते, पण जरा जड अंगाने. तिची शेपटी वाचायला मला वेळ लागला. नुसती फिरत असते तेव्हा शेपटी संथ हलते. वास ताजा झाला की ती अख्खी मागची बाजू घेऊन गरगरायला लागते, आणि शेजारी न बोलता पावलं लांब टाकतो.

आमच्या गटातल्या एका निवृत्त शिक्षकांकडे जर्मन वायरहेअर्ड पॉइंटर आहे. राठ केसांचा, दाढीवाला, अत्यंत गंभीर. तो थिजतो तेव्हा सगळा गट थबकून बघतो, इतकं ते देखणं असतं. पंचाईत पुढे होते. लावा किंवा ग्राउस दबून राहतो, फेझंट राहत नाही. कुत्रा इकडे थिजलेला, आणि कोंबडा पायीपायी पन्नास मीटर पुढे. अनुभवी पॉइंटर हे शिकतो. थोडं सरकतो, पुन्हा थिजतो, पुन्हा सरकतो. कोवळा कुत्रा मात्र रिकाम्या गवताकडे निष्ठेने बोट दाखवत उभा राहतो आणि त्याचा मालक त्याहून निष्ठेने सांगतो, ‘आत्ता इथे होता!’

दुपारच्या जेवणावर वाद रंगतो तो इतकाच: पक्षी कोण जास्त शोधतो. माझ्या मते फेझंटच्या बाबतीत हा प्रश्नच दुय्यम आहे. इतकी माणसं रांगेने चालली की काही कोंबडे कुत्र्याविनाही उठतात. कुत्र्याविना सापडत नाही तो गोळी लागून पडलेला.

एका दुपारी ज्वारीच्या टोकाला नर उठला, दोन बार झाले, तो तिरका होऊन शेजारच्या गवतात पडला. मी जागा पाहून ठेवली होती, कुंपणाच्या तुटक्या खांबाच्या डाव्या हाताला. आम्ही तिघे तिथे पोचलो तेव्हा चार पिसं होती, पक्षी नव्हता. छर्रा पंखाच्या टोकाला लागला असेल तर पाय शाबूत राहतात, आणि हा पक्षी पायांवरच जगतो. दोघे जण पायाने गवत विंचरू लागले. शेजाऱ्याने त्यांना बाजूला व्हायला सांगितलं, कारण आपण जितकं तुडवू तितका वास बिघडतो. सेडी आली. पिसांवर नाक टेकवलं, एक गोल फिरली, आणि ज्वारीकडे न जाता उलट, उताराने पाणकणसाकडे निघाली. सगळे म्हणाले, चुकली. एकाने शिट्टी वाजवायला तोंडाशी नेली होती. शेजाऱ्याने त्याचा हात खाली केला.

माग काढताना कुत्र्याचं नाक जमिनीलगत असतं. पक्ष्याचा वास वाऱ्यावर येतो तेव्हा मान वर असते. हा फरक दिसला की कुत्रीशी हुज्जत घालायची नाही, एवढंच तो नंतर म्हणाला. पाणकणसात ती दिसेनाशी झाली. कणसं हलत गेली, थांबली, मग बाजूला वळली. बऱ्याच वेळाने ती चिखलाने भरलेली बाहेर आली, आणि तोंडात जिवंत कोंबडा मान वर करून आमच्याकडे बघत होता. शेजाऱ्याने तो हातात घेतला, झटक्यात मान मोडली, आणि मग सवयीने बरगड्या बोटांनी चाचपल्या. कुत्र्याचा जबडा कडक असेल तर त्या चुरलेल्या लागतात. या शाबूत होत्या.

हे मला नवं होतं. आमच्याकडचा कारवानी हाउंड डोळ्यांनी ससा हेरून वेगाने गाठणारा. वन्यजीव कायद्यामुळे ते आता बेकायदा आहे, पण ते काम पायांचं, आणि हे नाकाचं.

म्हणूनच पिल्लू घेताना जातीच्या नावाला मी निम्मेच गुण देईन. लॅब्राडोर म्हणजे आता दोन निरनिराळी कुत्री आहेत. प्रदर्शनवाल्यांची रुंद छातीची, जड, आणि शेतात राबणाऱ्यांची सडपातळ, चपळ. सोफ्यावरच्या आईबापांची पिल्लं शेतात चालतीलही, पण तो जुगार. त्यात या जातीत एक लपलेला रोग आहे. दहा-पंधरा मिनिटं जोरात धावल्यावर कुत्र्याचे मागचे पाय लटपटतात, तो कोसळतो, क्वचित मरतोही. यामागचा डीएनएम-१ या जनुकातला बिघाड २००८मध्ये मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवून दिला. आई आणि बाप दोघांकडूनही तो आला तरच पिल्लाला धोका, म्हणून चाचणीचा कागद मागायचाच. खुब्यांचा एक्स-रे तर जुनाच रिवाज.

शिक्षकांच्या कळपात आणखी एक चांगली पद्धत आहे. १९६९मध्ये सुरू झालेली नावडा ही संस्था सोळा महिन्यांपर्यंतच्या कुत्र्यांची उपजत गुणांची परीक्षा घेते. शोध, थिजणं, पाणी, आणि माग. मागासाठी फेझंटची उडण्याची पिसं काढून त्याला गवतात पळवतात आणि कुत्र्याला त्या वासावर सोडतात. पक्ष्याच्या दृष्टीने क्रूर आहे, हे मान्य. पण आईबापांचे या परीक्षेतले गुण बघून पिल्लू घेणारा माणूस रंग बघून घेणाऱ्यापेक्षा शहाणा.

जात ठरवताना केसांचा विचार कुणी सांगत नाही, तो संध्याकाळी कळतो. सेटरच्या झालरींत गोखरू अडकून गाठी होतात आणि मालक तासभर कात्री घेऊन बसतो. लॅब्राडोरवर हात फिरवला की झालं. कुसळं मात्र सगळ्यांनाच. बोटांच्या बेचक्यात, कानात, डोळ्याच्या कडेला. त्यांची टोकं एकाच दिशेने पुढे सरकतात, एखादं आत शिरलं तर आठवड्यांनी गळू होऊन बरगडीतून बाहेर येतं. म्हणून अंधार पडायच्या आत गाडीचं फळकूट खाली पाडून प्रत्येक कुत्र्याला त्यावर उभं करतात आणि पंजे, कान, पापण्या एकेक करून तपासतात. पक्षी साफ करायचं काम त्यानंतर.

सेडीचं तोंड आता पांढरं झालंय. शेजाऱ्याने पुढचं पिल्लू ठरवलं आहे, अर्थात लॅब्राडोर, मादी, लहान चणीची. आईला पाणकणसात काम करताना बघितल्याशिवाय पैसे देणार नाही, असं त्याने पाळणाऱ्याला कळवलंय. शिक्षकांना हे पटलेलं नाही. फेझंटचा माग वायरहेअर्डइतका कुणी काढत नाही, आणि वर तो थिजतोही, असं त्यांचं म्हणणं. त्यांनीही नव्या वेतातल्या एका पिल्लासाठी पैसे भरून ठेवलेत.