पट्टी, पीळ आणि नाडी

रक्त तपासायला गेलो की तिथली ताई आपल्या दंडाला एक रबरी पट्टी आवळते, शीर फुगली की सुई टोचते. त्या पट्टीला टूर्निकेट म्हणतात, एवढीच माझी तिच्याशी ओळख होती. तिच्या थोरल्या बहिणीशी माझी गाठ घालून दिली ती माझ्या भाच्याने.

भाचा मोटारसायकलवाला. सुटी मिळाली की मित्रांना घेऊन घाट गाठायचा. त्याने ऑनलाइन प्रथमोपचाराची एक पिशवी मागवली होती. तिच्यातून दीड इंच रुंदीची काळी पट्टी काढून तो म्हणाला, "मामू, हे बघा. सैनिक वापरतात तीच आहे. अस्सलला अडीच हजार पडतात, मला साडेतीनशेत मिळाली." पट्टीला मध्येच बोटभर जाडीची प्लॅस्टिकची दांडी होती आणि ती दांडी अडकवायला एक खाच.

आपल्याकडे बैलगाडीत कडबा भरला की वरून दोर टाकतात आणि दोर सैल वाटला तर त्यात दांडके घालून पीळ देतात. या पट्टीची सारी करामत तीच. अपघातात हात किंवा पाय फाटला, रक्ताची चिळकांडी उडू लागली, तर जखमेच्या वर, म्हणजे धडाच्या बाजूला, ही पट्टी बांधायची आणि रक्त थांबेपर्यंत दांडी पिळायची. हाताने ओढून असा दाब येत नाही. मांडीची मोठी धमनी फाटली तर माणूस काही मिनिटांत जातो. तेवढ्या वेळात रुग्णवाहिका कुठून येणार? (सर्पदंशावर मात्र ही बांधायची नसते. साप चावला की करकचून आवळायची जुनी सवय सोडा, असे डॉक्टर सांगून थकले आहेत.)

युक्ती जुनीच आहे. १६७४ साली बेझान्सोंच्या वेढ्यात मोरेल नावाच्या फ्रेंच शल्यवैद्याने पट्टीत काठी पिळून रक्त थांबवले, असे सांगतात. १७१८ साली पॅरिसच्या झाँ-लुई पेती यांनी काठीच्या जागी मळसूत्र आणले. फ्रेंच भाषेत 'तुर्ने' म्हणजे फिरवणे, नाव त्यावरूनच. पुढे मात्र या साधनाची बदनामी झाली. पट्टी बांधली की पाय कापावाच लागतो, असा समज डॉक्टरांतही रुजला आणि पट्टी हा शेवटचा उपाय ठरला. तो समज इराकच्या युद्धात मोडला. अमेरिकी लष्कराने २००५ च्या सुमारास प्लॅस्टिकच्या दांडीची नवी पट्टी सैनिकांना दिली. २००६ साली बगदादच्या इस्पितळात डॉ. जॉन क्राघ यांनी पट्टी बांधलेल्या २३२ जखमींच्या नोंदी ठेवल्या. रक्तस्रावाने अंग थंड पडण्याआधी, म्हणजे 'शॉक' बसण्याआधी, जिला पट्टी लागली त्या गटातले सुमारे ९० टक्के वाचले. नंतर लागली त्या गटातले जेमतेम १० टक्के. त्या इस्पितळाचे नाव इब्न सीना. हजार वर्षांपूर्वीच्या त्या हकिमाच्या नावाखाली ही मोजदाद झाली, याचे मला उगाच बरे वाटले.

पट्टीचे नाव झाले आणि नकलाही आल्या. लुटुपुटीच्या लढाईचा खेळ खेळणाऱ्या हौशी लोकांसाठी, केवळ पोशाखाचा भाग म्हणून, हुबेहूब पट्ट्या बनू लागल्या. खेळात त्याला काय हरकत? पण त्या अस्सल म्हणून विकल्या गेल्या, आणि अफगाणिस्तानातल्या अमेरिकी तुकड्यांना त्यांच्याविषयी इशारे द्यावे लागले. २०२२ नंतर युक्रेनमध्ये जगभरातून मदतीची खोकी गेली, त्यांतही स्वस्त नकला निघाल्या. पाठवणाऱ्याने मनापासून पाठवलेल्या असणार. दांडी मोडली ती कुणा तिसऱ्याच्या मांडीवर.

भाच्याची पट्टी कोणत्या कुळातली, हे पाहायला मी एका डॉक्टर मित्राकडे गेलो. त्याच्याकडे स्वतःची अस्सल पट्टी होती. "मांडी कुणाची घ्यायची?" असे म्हणून तो माझ्याकडे पाहू लागला. (हा प्रयोग घरी करू नका.) त्याने माझ्या पावलाच्या वरच्या बाजूला बोट ठेवून नाडी शोधली, मग भाच्याची पट्टी बांधून पिळू लागला. दुसऱ्या वेढ्याला मला कळ आली, तिसऱ्याला दांडी केळीच्या देठासारखी वाकली. पायावरच्या शिरा टरारून फुगल्या होत्या, पाय जांभळट दिसत होता, आणि नाडी चालूच होती.

"आता बघ," तो म्हणाला, "तुला वाटतंय पट्टी बसली. दुखतंय, पाय रंग बदलतोय. पण मोरी तुंबलीय आणि नळ चालूच आहे."

परत नेणाऱ्या शिरा वरवर असतात, त्यांच्या भिंती पातळ. थोड्या दाबाने त्या मिटतात. रक्त आणणारी धमनी खोल असते, तिला दाबायला बराच जास्त जोर लागतो. अर्धवट आवळलेल्या पट्टीने पायात रक्त येत राहते, परतीची वाट बंद होते आणि ते जखमेतून अधिकच वाहते. अशी पट्टी नसलेली बरी! मग त्याने आपली पट्टी लावली. कळ अशी आली की मी ओरडलो, आणि त्याच्या बोटाखालची नाडी थांबली. क्षणभरात त्याने ती सोडली.

फरक कुठे होता? अस्सल दांडी धागे मिसळलेल्या कणखर प्लॅस्टिकची, जाड. पट्टीच्या पोटात दुसरी फीत असते; दांडी फिरली की ती आतल्या आत सरकते आणि दाब सगळीकडून सारखा बसतो. भाच्याच्या पट्टीत ती फीत होती, पण तिची शिलाई उसवू लागली होती. चिकटणारी बाजूही ताणाखाली सुटत होती.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. सगळ्याच नकली पट्ट्या पहिल्या पिळाला मोडत नाहीत. चाचणीत काही नकलांनी रक्त थांबवलेलेही आहे. उलट अस्सलही मोडते. सुरुवातीच्या वर्षांत दांड्या तुटल्या म्हणूनच त्या पुढे जाड केल्या गेल्या. उन्हात महिनोन्‌महिने राहिलेली किंवा सरावाला वारंवार वापरलेली पट्टीही दगा देते. म्हणून सरावाच्या पट्ट्या निळ्या रंगाच्या, वेगळ्या ठेवतात. पण अस्सल बनवणाऱ्याला आपल्या मालाचा जाब द्यावा लागतो, तुटल्याच्या तक्रारी त्याच्याकडे परत येतात. नकलेच्या मागे असे कुणी नसते. दहांतली कोणती पट्टी मोडेल हे पिळेपर्यंत कळत नाही, आणि पिळायची वेळ तर एकदाच येते.

डोळ्यांनी ओळखावी म्हटले तर छपाई, नाव, उत्पादनाचा क्रमांक हे सारे नकलेवरही असते. त्यामुळे कंपनीने नेमलेल्या विक्रेत्याकडूनच घ्यावी. दहावा हिस्सा किंमत दिसली की थांबावे. आणि पट्टी नसेल किंवा तिची शंका वाटत असेल, तर जखमेत स्वच्छ कापड कोंबून दोन्ही हातांनी, अंगाचा भार टाकून दाबत राहावे. हात नेहमी जवळ असतात. पट्टी बांधलीच तर वेळ लिहून ठेवावी, म्हणजे इस्पितळात किती वेळ झाला ते कळते. दोन तासांच्या आत सोडवली तर पाय सहसा शाबूत राहतो. ती सोडवण्याचे काम मात्र डॉक्टरांचेच.

घरी येऊन भाच्याला सगळे सांगितले. तो वाकलेल्या दांडीकडे पाहत बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मामू, चौघांनी एकदमच मागवल्या होत्या."

त्याने तिघांना फोन केले. रविवारी चारही पट्ट्या आमच्या घरी आल्या. मी त्या कचऱ्यात टाकणार होतो, पण त्याने आधी कात्री आणली आणि प्रत्येकीचे दोन तुकडे केले, कुणी उचलून पिशवीत ठेवू नये म्हणून.