वर ऊन, खाली ओढा... तरी धबधब्याचं पाणी अचानक कसं वाढतं? सह्याद्रीत फिरायला जाण्याआधी हे समजून घ्या

30 जून 2024. रविवारची दुपार. लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या डोंगरातला एक धबधबा. पाण्याच्या मधोमध एका खडकावर काही माणसं एकमेकांना घट्ट धरून उभी आहेत. काठावरचे लोक ओरडतायत, पण मधे उतरणं कुणालाच शक्य नाही. पुढच्या काही सेकंदांत तो घोळका पाण्याबरोबर खाली धरणाच्या दिशेने वाहून जातो.

हा व्हिडिओ तुमच्याही फोनवर आला असेल. काही जणांना कसंबसं बाहेर येता आलं, पण एकाच कुटुंबातल्या पाच जणांचा जीव गेला. त्यात एक महिला आणि चार मुलं होती. व्हिडिओखाली नेहमीच्याच प्रतिक्रिया होत्या, ‘एवढ्या पाण्यात उतरलेच कशाला?’

गोम इथेच आहे. अशा घटनांमध्ये माणसं उतरतात तेव्हा पाणी बहुतेक वेळा घोट्याएवढंच असतं. मग ते काही मिनिटांत कमरेपर्यंत येतं कुठून?

पाऊस तुमच्या डोक्यावर पडत नसतो

अरबी समुद्रावरून येणारे बाष्पाने भरलेले वारे सह्याद्रीच्या भिंतीला धडकतात, वर चढतात, थंड होतात आणि तिथेच रिकामे होतात. सगळ्यात जास्त पाऊस पडतो तो घाटमाथ्यावर. माथा ओलांडून पूर्वेला गेलं की तोच पाऊस झपाट्याने कमी होतो. महाबळेश्वरला वर्षाला सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. पसरणी घाट उतरून वाईत आलात, म्हणजे जेमतेम 30-35 किलोमीटर, तर त्याच्या पाव भागही पाऊस नसतो.

म्हणजे दोन-तीन किलोमीटरवर, माथ्याच्या पठारावर ढग अक्षरशः रिकामा होत असताना तुम्ही उभे आहात तिथे भुरभुर असू शकते, कधी चक्क ऊनसुद्धा. धबधब्याला तुमच्या डोक्यावरच्या पावसाशी देणंघेणं नसतं. त्याचं पाणी ठरतं वरच्या पाणलोटात काय चाललंय त्यावरून.

आता एक साधा हिशेब करू. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. माथ्यावरच्या फक्त एक चौरस किलोमीटर भागात तासाभरात 50 मिलिमीटर पाऊस झाला, तर ते झालं 5 कोटी लिटर. दहा हजार लिटरचे पाच हजार टँकर! यातलं काही पाणी जमिनीत मुरतं. पण सह्याद्री म्हणजे बसाल्टचा कातळ आणि त्यावर मातीचा पातळ थर. जुलैपर्यंत ती माती भिजून तुडुंब झालेली असते, मुरायला जागाच उरत नाही. उतार तीव्र, ओढे आखूड. त्यामुळे हे पाणी दिवसभर रेंगाळत नाही, थेट लोंढा होऊन कड्यावरून खाली येतं.

गुडघाभर पाण्याने माणूस वाहून जातो?

जातो. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा धक्का चौपट होतो, त्यामुळे नुसती खोली बघून अंदाज चुकतो. त्यात पायाखाली शेवाळलेला कातळ. एकमेकांना धरून उभं राहिलं तर आधार वाटतो खरा, पण एकाचा पाय सुटला की तो इतरांनाही ओढतो.

धबधब्याखालच्या डोहाचं गणित आणखी वेगळं. दगडगोटे गरगरा फिरून कातळात रांजणासारखे खोल खड्डे तयार झालेले असतात आणि गढूळ पाण्यात ते दिसत नाहीत. वरून कोसळणाऱ्या पाण्यात हवेचे बुडबुडे मिसळलेले असतात, त्या फेसाळ पाण्यात तरंगायलाही जड जातं. ‘मला पोहता येतं’ हा दाखला तलावात चालतो, इथे नाही.

लोंढा सांगून येतो, पण हळू आवाजात

स्वच्छ पाणी अचानक गढूळ, तांबूस होऊ लागणं. पाण्याबरोबर पालापाचोळा, काटक्या येणं. धबधब्याचा आवाज बदलून घुमल्यासारखा होणं. मघाशी कोरडा दिसणारा दगड आता ओला दिसणं. यातलं एक जरी दिसलं तरी सामान, चपला, सेल्फी स्टिक सगळं तिथेच सोडून काठावर आणि मग काठावरूनही उंचावर जायचं. स्पीकर लावलेला असेल तर आवाजातला बदल कळणारच नाही, हेही लक्षात असू द्या.

येताना पार केलेला ओढा परतताना फुगलेला असेल तर? सगळ्यात जास्त घाई इथेच होते. घरी पोहोचायचं असतं, अंधार पडत असतो. पण छोट्या पाणलोटाचा ओढा जसा झटकन चढतो तसाच वरचा पाऊस थांबला की बऱ्याचदा काही तासांत उतरतो. उंच जागी थांबून राहणं कंटाळवाणं आहे, पण तोच शहाणपणाचा मार्ग. रेंज असेल तर 112 वर फोन करा, नाहीतर जवळच्या गावातल्या लोकांना हाक द्या. लोणावळ्यातल्या ‘शिवदुर्ग मित्र’सारखी स्वयंसेवकांची पथकं अशाच वेळी धावून जातात, तीही जीव धोक्यात घालून.

अलर्ट कसा वाचायचा?

हवामान विभागाच्या भाषेत 24 तासांत 64.5 मिलिमीटरपासून ‘जोरदार’, 115.6 पासून ‘अति जोरदार’ आणि 204.4 च्या पुढे ‘अत्यंत जोरदार’ पाऊस. यलो म्हणजे लक्ष ठेवा, ऑरेंज म्हणजे तयारीत राहा, रेड म्हणजे कृती करा. पुणे, सातारा, कोल्हापूर अशा जिल्ह्यांच्या अंदाजात घाट भागाचा उल्लेख अनेकदा वेगळा असतो. शहराला यलो आणि घाटाला रेड, असंही होतं. ताम्हिणीला निघताना कोथरूडचा अंदाज बघून काहीच उपयोग नाही.

धोक्याच्या ठिकाणी जिल्हा प्रशासन बंदीचे आदेशही काढतं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 163, म्हणजे पूर्वीचं 144, त्यासाठी वापरलं जातं. आदेश मोडला तर गुन्हा दाखल होऊ शकतो. ‘मागच्या वर्षी इथेच भिजलो होतो’ म्हणणारे तरीही भेटतातच. मागच्या वर्षी त्या तासाला माथ्यावर पाऊस नव्हता, एवढाच त्याचा अर्थ.