मृग कोरडा गेला, आता कोणते बियाणे?

मृग कोरडा गेला आणि आर्द्राही ओढ देऊ लागली की गावाहून वहिनींचा निरोप येतो, "भावजी, औंदा सोयाबीन धरायचं की तूर?" आम्ही पडलो कारकून. पण सातबाऱ्यावर आमचेही नाव आहे आणि रान मुरमाड आहे. गायरानातून मिळालेल्या जमिनी बहुधा अशाच असतात. तेव्हा पहिला प्रश्न जमिनीलाच विचारावा लागतो.

पावसाचा भरवसा नसला की जाणता शेतकरी क्विंटल मोजत नाही, दिवस मोजतो. मराठवाड्यात बीएसएमआर ७३६ ही तूर वर्षानुवर्षे पेरली गेली. मर आणि वांझ या रोगांपुढे ती टिकते, पण तिला जवळजवळ सहा महिने लागतात. पाऊस लवकर उघडला तर हलक्या रानात तिच्या शेंगा भरायला ओल उरत नाही. बदनापूरच्या संशोधन केंद्राची बीडीएन ७११ साधारण पाच महिन्यांत निघते. रब्बी ज्वारीचेही तेच. मालदांडीची भाकरी आणि कडबा दोन्ही नावाजलेली, पण वीतभर मातीत तिने काय करावे? राहुरी विद्यापीठाने हलक्या जमिनीला फुले अनुराधा आणि भारी जमिनीला फुले वसुधा सांगितली आहे. दावणीला जनावरे असणारा मात्र कडबा बघूनच वाण धरतो, आणि त्याचे चुकते असे आम्हाला वाटत नाही.

पण वाण निवडायची मोकळीक असते कुणाला? उधारीवर पिशवी उचलणाऱ्याला दुकानदार देईल तोच वाण. दुबार पेरणी आली तर दुसरी पिशवी आणायची कशाने? सोयाबीनच्या सरळ वाणाचे बियाणे घरी राखता येते. मात्र त्याचे साल नाजूक असते, पोते आपटले तरी उगवण जाते. २०२० च्या खरिपात बियाणे उगवलेच नाही म्हणून राज्यभर तक्रारी झाल्या. त्या वर्षापासून आमच्या घरी पारख केल्याशिवाय पेरणी नाही. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, पाणी शिंपडायचे आणि आठवड्याने कोंब मोजायचे. सत्तर निघाले तर नेहमीचे माप. शिवाय ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याखेरीज तिफण धरायची नाही.

मोजणी वहिनींकडे असते. मागच्या खेपेला चौसष्टच कोंब आले. दादांनी एकरी तीस किलो मापले होते. वहिनींनी पोते पुन्हा उघडायला लावून आणखी तीन किलो घालायला लावले.