संगणकाचा ठोका चुकतो तेव्हा

घरातल्या संगणकावर नवी प्रणाली घालायची असली की पडद्यावर 'थोडा वेळ थांबा' अशी सूचना येते. यंत्र बंद होते, पुन्हा सुरू होते, तोवर आपण चहा पिऊन येतो. बँकेच्या मुख्य संगणकाला अशी सुट्टी कोण देणार? रात्री दोन वाजताही कोणीतरी कुठल्यातरी एटीएमपुढे उभा असतोच. समजा, वर्षातला ९९.९९९ टक्के वेळ संगणक चालू राहिला पाहिजे अशी अट घातली. मग बंद ठेवायला किती वेळ उरला? वर्षाची मिनिटे ५,२५,६००. त्यांचा लाखावा भाग म्हणजे अवघी सव्वापाच मिनिटे! तेवढ्यात मोठा संगणक बंद होऊन धड सुरूही होत नाही. मग त्याची दुरुस्ती करायची तरी कधी?

अशा कामांसाठी पुष्कळ ठिकाणी युनिक्स ही संचालन प्रणाली वापरतात. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत ती एका पीडीपी-७ यंत्रावर सुरू केली. आयबीएमची एआयएक्स, सनची सोलारिस, एचपीची एचपी-यूएक्स ही सारी तिचीच वंशावळ. पण प्रणाली कितीही भक्कम असली तरी यंत्राचा पंखा जळतो, चकती खराब होते. म्हणून एकाऐवजी दोन संगणक ठेवतात. द्राक्षांच्या घोसाला इंग्रजीत क्लस्टर म्हणतात. अशा जोडणीलाही तेच नाव आहे. (पुण्याच्या सी-डॅकचा १९९८ मधला परम १०००० हाही सनच्या युनिक्स संगणकांचा समूह होता, पण तो सर्वांनी मिळून मोठी गणिते लवकर सोडवण्यासाठी. आपली जोडी वेगळी. एक आजारी पडला तर दुसऱ्याने काम उचलावे, एवढ्यासाठी ती आहे.)

आपल्या दोन संगणकांना गंगा आणि यमुना म्हणू. माहितीची चकती दोघींना सामाईक आहे. आज काम गंगा करते, यमुना सज्ज असते. गंगा ठरावीक काळाने तारेवरून एक छोटासा संदेश पाठवते, 'मी आहे'. त्याला हार्टबीट, म्हणजे हृदयाचा ठोका म्हणतात. काही ठोके सलग चुकले की यमुना समजते, गंगा गेली. आणि गंगेचा पत्ता व काम आपल्याकडे घेते.

किती सोपे, नाही? पण जरा थांबा. ठोका आला नाही म्हणजे गंगा बंद पडली, असे कशावरून? कदाचित मधली तारच तुटली असेल! तसे असेल तर गंगा खुशाल काम करीत आहे आणि इकडे यमुनेनेही कामाला सुरुवात केली आहे. दोघी एकाच चकतीवर लिहू लागल्या. हे रेल्वेच्या आरक्षणाचे काम असते, तर एकच बर्थ दोन प्रवाशांना मिळाला असता, आणि दोघांची तिकिटे खरी! या दुखण्याला तंत्रज्ञ 'स्प्लिट ब्रेन', दुभंगलेला मेंदू, म्हणतात. संगणक बंद पडणे परवडले, कारण ते निदान दिसते. दुभंगलेला मेंदू नोंदी गुपचूप बिघडवत राहतो.

यावरचा उपाय आपल्या ग्रामपंचायतीतही सापडेल: बहुमत. गंगेचे एक मत, यमुनेचे एक मत आणि तिसरे मत एका वेगळ्या चकतीला द्यायचे. ही चकती स्वतः काही काम करत नाही. तिला सरस्वती म्हणायला हरकत नाही! तार तुटली की गंगा आणि यमुना दोघीही सरस्वतीकडे धाव घेतात. जी आधी पोहोचते ती तिच्यावर आपली राखीव खूण करते. तिची मते झाली दोन. दुसरीकडे एकच मत उरले, म्हणून तिने आपणहून बंद व्हायचे. ती झाली नाही तर? तर माहितीची चकतीच तिचे लिखाण नाकारते, किंवा तिची वीज तोडली जाते. या वीज तोडण्याला तंत्रज्ञांनी नाव दिले आहे 'स्टोनिथ'. 'दुसऱ्याच्या डोक्यात गोळी घाला' या अर्थाच्या इंग्रजी शब्दांची ती आद्याक्षरे आहेत. नाव रानटी आहे खरे, पण विचार योग्य आहे: शेजारी मेला की नाही याची शंका असेल, तर ती आधी मिटवा आणि मगच त्याचे काम उचला.

आता नवी प्रणाली घालण्याकडे वळू. जोडी असल्यामुळे वाट सापडते. आधी यमुनेवर, ती रिकामी असताना, नवी प्रणाली घालायची. जुन्या प्रणालीची प्रत दुसऱ्या चकतीवर जपून ठेवायची. यमुना नीट सुरू झाली की गंगेचे काम तिच्याकडे सरकवायचे. ग्राहकाला फार तर क्षणभर थबकल्यासारखे वाटते. मग गंगेची पाळी. पण मधल्या काळात एक जुन्या आवृत्तीवर आणि दुसरी नव्या आवृत्तीवर असते, आणि ठोके तर एकमेकींना कळले पाहिजेत. म्हणून दोघी नव्या होईपर्यंत नवी यमुनाही जुन्याच भाषेत बोलते. शेवटी 'आता नवी भाषा' असा हुकूम दिला की परतीचा रस्ता बहुधा बंद होतो. तो हुकूम देणारा माणूस आधी चार वेळा तपासून घेतो. शिवाय या सगळ्या वेळात जोडीदार कामावर नसतो. यमुनेवर नवी प्रणाली चढत असताना गंगा खरोखरच बंद पडली, तर काम उचलायला कोणी नाही. पगाराच्या दिवशी हे काम कोणी काढत नाही ते यामुळेच.

आणि सगळे नियम पाळूनही फजिती होते. जगभरचे प्रोग्रॅमर आपले काम ज्या गिटहबवर ठेवतात, तिथे २१ ऑक्टोबर २०१८ रोजी नेहमीच्या देखभालीत प्रकाशतंतूच्या जोडणीचा एक बिघडत चाललेला भाग बदलत होते. त्यात अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील मुख्य केंद्राचा संपर्क तुटला, फक्त ४३ सेकंद! तेवढ्यात बाकीच्या यंत्रणेने बहुमताने पश्चिम किनाऱ्यावरील संगणकांना प्रमुख नेमले. नियमाप्रमाणे ते बरोबरच होते. पण पूर्वेकडे तुटण्याआधी लिहिलेल्या शेवटच्या काही सेकंदांच्या नोंदी पश्चिमेकडे पोहोचल्याच नव्हत्या, आणि पश्चिमेकडे नव्या नोंदी होऊ लागल्या. आता खरे कोणाचे?

गिटहबच्या लोकांनी सेवा मंद राहिली तरी चालेल, पण कोणाची नोंद पुसायची नाही असे ठरवले. जुन्या प्रती उतरवून, दोन्ही बाजू जुळवून गाडी रुळावर यायला २४ तास ११ मिनिटे लागली. त्यांच्या एका गजबजलेल्या क्लस्टरवर अशा अडकलेल्या नोंदी ९५४ निघाल्या. त्यांतल्या कोणत्या यंत्राला आपोआप जुळवता येतील आणि कोणत्यांसाठी त्या त्या माणसालाच विचारावे लागेल, हे पाहण्याचे काम त्यानंतरही चालू होते.