गर्भिणींची लसीकरणविषयक वृत्ती

गर्भिणींची लसीकरणविषयक वृत्ती : गर्भावस्थेत दिली जाणारी लस स्वीकारावी, लांबणीवर टाकावी की नाकारावी ह्याविषयी गर्भिणीच्या मनाचा असलेला कल व त्यानुसार घडणारे तिचे वर्तन. इतर प्रौढ व्यक्ती लस घेताना मुख्यतः स्वतःच्या लाभहानीचा विचार करते; गर्भिणीस मात्र एकाच निर्णयात दोन जीवांचे हित पाहावे लागते. त्यामुळे लस घेणारी व लस नाकारणारी ह्या दोघींचाही हेतू बहुधा एकच, म्हणजे गर्भाचे रक्षण हा असतो. ह्या विषयाच्या अभ्यासात नकाराचे मूळ केवळ अज्ञानात न शोधता सावधगिरी, विश्वास व सवय ह्यांत शोधावे लागते, ते ह्याच कारणामुळे.

वैद्यकीय आधार : मातेच्या रक्तातील इम्युनोग्लोब्युलिन-जी ह्या प्रकारची प्रतिपिंडे वारेतून गर्भाच्या रक्तात जातात. गर्भावस्थेच्या शेवटच्या तिमाहीत हे संक्रमण विशेष प्रमाणात होते. नवजात अर्भकाची स्वतःची प्रतिरक्षा यंत्रणा अपक्व असते आणि भारतात धनुर्वात, घटसर्प व डांग्या खोकला ह्यांवरील संयुक्त लसीची पहिली मात्रा सहा आठवड्यांच्या वयात दिली जाते. मधल्या काळात मातेकडून आलेली प्रतिपिंडे हाच अर्भकाचा मुख्य आधार असतो. गर्भावस्थेत विषाभ (निर्विष केलेले जंतुविष) अथवा निष्क्रिय केलेले रोगजंतू असलेल्या लसी दिल्या जातात. गोवर, गालगुंड, जर्मन गोवर, कांजिण्या इत्यादींवरील सजीव क्षीणित लसी मात्र सामान्यतः टाळतात. वैद्याच्या दृष्टीने हा भेद स्पष्ट असला, तरी लोकव्यवहारात तो पुसट होतो आणि ‘गरोदरपणी लस नको’ असा सरसकट समज त्यातून निर्माण होतो.

धनुर्वाताचा अनुभव : अर्भकाची नाळ अस्वच्छ पात्याने किंवा विळ्याने कापल्यास, अथवा तिच्या टोकास राख, शेण इ. पदार्थ लावल्यास धनुर्वाताच्या जंतूंचा शरीरात प्रवेश होतो. रोगाची लक्षणे बहुधा जन्मानंतर तीन ते चौदा दिवसांत दिसतात. प्रथम अर्भकास स्तनपान करता येईनासे होते व पुढे झटके येतात. अनेक प्रदेशांत ह्या रोगास ‘आठव्या दिवसाचा आजार’ ह्या अर्थाची नावे होती व तो दैवी कोप मानला जाई. मातेस धनुर्वात विषाभ टोचल्याने अर्भकाचे रक्षण होते, हे न्यू गिनीमधील पाहणीतून १९६१ साली दाखवून देण्यात आले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार १९८८ मध्ये जगात सुमारे ७,८७,००० नवजात अर्भके ह्या रोगाने दगावली. २०१८ मध्ये ही संख्या सुमारे २५,००० पर्यंत खाली आली. ह्यात लसीकरणाबरोबरच स्वच्छ प्रसूतीचाही वाटा आहे.

भारतात १९८५ मध्ये सुरू झालेल्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात गर्भिणींच्या धनुर्वात प्रतिबंधक लसीचा समावेश होता. गर्भावस्था लक्षात येताच पहिली व चार आठवड्यांनंतर दुसरी मात्रा देतात; आधीच्या गर्भारपणात दोन मात्रा घेऊन तीन वर्षे झालेली नसल्यास एक वर्धक मात्रा पुरते. अलीकडे केवळ धनुर्वाताच्या लसीऐवजी धनुर्वात व घटसर्प ह्यांची संयुक्त लस वापरतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९–२१) सुमारे ९२ टक्के मातांच्या शेवटच्या प्रसूतीस ह्या लसीचे संरक्षण लाभल्याचे आढळले. माता व नवजात अर्भक ह्यांच्या धनुर्वाताचे भारतातून उच्चाटन झाल्याचे २०१५ मध्ये मान्य करण्यात आले. येथे उच्चाटन ह्याचा अर्थ प्रत्येक जिल्ह्यात दर हजार जिवंत जन्मांमागे नवजात धनुर्वाताचा एकाहून कमी रुग्ण असणे, असा आहे.

ही स्वीकृती लसीच्या गुणधर्मांच्या ज्ञानातून आली असे म्हणता येत नाही. वजन, रक्तदाब, रक्ततपासणी व लोहाच्या गोळ्या ह्यांप्रमाणे ‘धनुर्वाताचे इंजेक्शन’ हा तपासणीच्या परिपाठाचाच भाग झाला. गावातील परिचारिका, अंगणवाडी सेविका व पुढे आशा स्वयंसेविका ह्या परिचित व्यक्तींनी ती लस घेण्यास सांगितले आणि सासू व थोरल्या जावा ह्यांनीही ती घेतलेली असल्याने घरातून विरोध उरला नाही. परिपाठाने मिळालेली ही संमती व्यापक असते. तथापि नवी लस आली म्हणजे ती आपोआप तिच्याकडे वळत नाही.

संशय व अफवा : हीच लस अन्यत्र तीव्र संशयाचा विषय झाली. ती स्त्रियांना वांझ करते अशी अफवा १९९० मध्ये कॅमेरूनमध्ये पसरली. १९९० नंतरच्या दशकात मेक्सिको व फिलिपीन्स ह्या देशांत आणि २०१४ मध्ये केन्यात, लसीमध्ये गर्भधारणेस रोखणारे द्रव्य मिसळल्याचा आरोप झाला. केन्यात कॅथलिक बिशपांनी तो जाहीरपणे मांडला. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ ह्यांनी लस सुरक्षित असल्याचे सांगितले. ह्या आरोपास एक दूरचा धागा होता. प्राण तलवार ह्या भारतीय शास्त्रज्ञांनी विकसित केलेल्या गर्भनिरोधक लसीत ह्यूमन कोरिऑनिक गोनॅडोट्रोपिन ह्या हॉर्मोनाला वाहक म्हणून धनुर्वात विषाभ जोडण्यात आला होता. हे संशोधन उघडपणे प्रसिद्ध झालेले होते व त्याचा लसीकरण कार्यक्रमातील साध्या विषाभाशी संबंध नव्हता. मात्र जेथे शासनाच्या लोकसंख्याविषयक हेतूंबद्दल आधीच अविश्वास असतो, तेथे असा धागा अफवेस पुरतो. लस केवळ स्त्रियांनाच का दिली जाते, ह्या स्वाभाविक प्रश्नाचे उत्तर वेळीच न मिळाल्यानेही संशय वाढतो.

मानसिक व सामाजिक घटक : १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत विक्रीस आलेल्या थॅलिडोमाइड ह्या औषधामुळे हजारो बालके व्यंगे घेऊन जन्मली व १९६१ मध्ये ते मागे घेण्यात आले. ते लस नव्हते; तरीही गर्भावस्थेत शक्यतो कोणतेच औषध घेऊ नये ही वृत्ती त्यानंतर वैद्य व सामान्य जन ह्या दोहोंत दृढ झाली. कृतीमुळे झालेली हानी ही काहीच न केल्याने झालेल्या हानीपेक्षा मनास अधिक दोषास्पद वाटते, असे मानसशास्त्रज्ञांनी दाखविले आहे. लस घेतल्यानंतर काही विपरीत घडल्यास माता स्वतःस दोष देते. लस न घेतल्याने रोग झाल्यास तो दैवाचा भाग मानला जातो. रोगाचा धोका क्षुल्लक वाटणे, लस सहज न मिळणे आणि लस अथवा ती देणारी यंत्रणा ह्यांवर विश्वास नसणे ही लसीविषयीच्या साशंकतेची तीन प्रमुख कारणे जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ञगटाने नमूद केली आहेत. उलट, उपचार करणाऱ्या वैद्याने अथवा परिचारिकेने स्पष्ट शब्दांत केलेली शिफारस हा स्वीकृतीचा सर्वांत प्रभावी घटक असल्याचे निरनिराळ्या देशांतील पाहण्यांत आढळते.

नव्या लसी : २००९ मधील इन्फ्ल्यूएंझाच्या साथीत गर्भिणींना गंभीर आजाराचा धोका अधिक असल्याचे दिसून आले. भारतातील ह्या साथीचा पहिला मृत्यू पुणे येथे झाला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ मध्ये ह्या लसीसाठी गर्भिणींना अग्रक्रम दिला व महाराष्ट्र शासनाने २०१५ पासून ती गर्भिणींना मोफत देऊ केली. तथापि धनुर्वाताच्या लसीच्या मानाने तिचा स्वीकार फारच कमी राहिला. इंग्लंडमध्ये डांग्या खोकल्याने तान्ही बालके दगावू लागल्याने ऑक्टोबर २०१२ पासून गर्भिणींना त्यावरील लस देण्यात येऊ लागली. तीन महिन्यांखालील बालकांत ती सुमारे ९१ टक्के परिणामकारक ठरली. रोग ओसरल्यावर मात्र लसीचे अगत्यही कमी झाले. सप्टेंबर २०१७ मध्ये ती घेणाऱ्या गर्भिणींचे प्रमाण ७० टक्क्यांहून अधिक होते, ते सप्टेंबर २०२३ मध्ये सुमारे ५८ टक्क्यांवर आले. २०२४ मध्ये रोग पुन्हा उसळून बालकांचे मृत्यू झाले.

कोविड-१९ वरील लसींच्या आरंभीच्या चाचण्यांतून गर्भिणींना वगळण्यात आले होते. भारतात जानेवारी २०२१ मध्ये लसीकरण सुरू झाले. गर्भिणींना त्याची अनुमती २ जुलै २०२१ रोजी मिळाली. दरम्यान दुसऱ्या लाटेत अनेक गर्भिणी आजारी पडल्या. आधी ‘घेऊ नका’ व मग ‘घ्या’ असा सल्ला मिळाल्याने पुष्कळ स्त्रिया साशंक राहिल्या. ही शंका केवळ अफवांतून आलेली नव्हती. पुराव्याची उणीव हेही तिचे एक कारण होते. गर्भिणीला संशोधनातून वगळून तिचे रक्षण होत नाही, तर धोका प्रयोगशाळेतून तिच्या घरी येतो, असा विचार त्यानंतर वैद्यकीय नीतिशास्त्रात बळावला.

उपाय : लसीविषयीची माहिती तपासणीच्या पहिल्याच भेटीत देणे, सजीव व निष्क्रिय लसींतील भेद समजावणे, पती व सासू ह्यांना संभाषणात सामील करून घेणे आणि ताप, टोचलेल्या जागेची सूज इ. सौम्य परिणामांची पूर्वकल्पना देणे उपयुक्त ठरते. सक्तीमुळे आकडे तात्पुरते वाढले, तरी १९७५–७७ मधील कुटुंबनियोजनाच्या मोहिमेप्रमाणे तिच्या आठवणी दीर्घकाळ टिकतात व पुढील आरोग्यकार्यास बाधक होतात. गर्भिणीचा प्रश्न हा अडथळा न मानता तिच्या दक्षतेचे लक्षण मानून त्यास उत्तर देणे, हाच विश्वास टिकविण्याचा खात्रीचा मार्ग होय.